पाटणादेवी–कण्हेरगड रानफेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा फेरा नेमका कुठला?

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला साधारण १८ किलोमीटरवर सातमाळ्याचे डोंगर एकदम उभे राहतात. खानदेशाचं सपाट काळं रान तिथं संपतं आणि वर मराठवाड्याचं पठार सुरू होतं. या कड्याच्या कुशीत पाटणादेवीचं खोरं आहे. आम्ही ज्याला रानफेरा म्हणतो तो असा: महादेव मंदिर, तिथून चढत नागार्जुन लेणं, मग सीतान्हाणी, कण्हेरगडाचा माथा, पलीकडून उतरताना शृंगारचावडी, खाली चंडिकादेवीचं म्हणजे पाटणादेवीचं मंदिर, आणि तिथून रानातल्या रस्त्यानं पुन्हा महादेव मंदिरापाशी. निघालो तिथंच परत येतो, त्यामुळे गाडी एका जागी लावून निर्धास्त फिरता येतं. सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे रान जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे.

किती वेळ लागतो?

रमतगमत, लेणी नीट पाहत, वर बसून भाकरी खात पाच ते सहा तास. नुसतं चालायचं तर साडेतीन तासांतही होतं, पण तसा फेरा करू नका असं मी कळकळीनं सांगतो. किलोमीटरचा आकडा मी मुद्दामच देत नाही. इथं चढ, गवत आणि सुटे धोंडे वेळ खातात. अंतरावर अंदाज बांधणाऱ्यांना उतरताना अंधार गाठतो.

चाळीसगावहून कसं जायचं?

चाळीसगाव मुंबई–भुसावळ लोहमार्गावरचं जंक्शन आहे. धुळ्याचा फाटा इथंच मिळतो, म्हणून धुळे, जळगाव, नाशिक तिन्हीकडून रेल्वे सोयीची. पुढं पाटणे गावावरून देवीकडं रस्ता जातो. स्वतःची गाडी नसेल तर स्टँडवरून रिक्षा ठरवावी आणि परतीचं आधीच बोलून ठेवावं. संध्याकाळी तिकडून वाहन मिळेल या भरवशावर राहू नये. नवरात्रात भाविकांची रीघ असते, तेव्हा वाहनं भरपूर मिळतात, पण रानाची शांतता मिळत नाही. वनखात्याच्या नाक्यावर नाव नोंदवून शुल्क भरायचं. परत आल्यावर नाक्यावर सांगून जायची सवय ठेवा, म्हणजे कोणी मागं राहिलं तर लवकर कळतं.

फेरा कुठल्या बाजूनं करावा?

महादेव मंदिराकडून सुरू करून देवीच्या मंदिरात संपवावा. याला दोन कारणं आहेत. एक तर सकाळच्या सावलीत लेण्यांचा चढ उरकतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. शृंगारचावडीच्या बाजूची वाट वरून खाली येताना सापडते, पण खालून वर जाताना गवतात हरवते. एका ऑक्टोबरात आम्ही चौघं उलट्या दिशेनं निघालो होतो. डोक्याएवढं गवत, गुरांच्या पायवाटा दहा दिशांना फुटलेल्या. दोन तास एकाच टेपाडाभोवती घोटाळलो आणि बरोबरच्या एका काकांचं पाणी संपलं. शेवटी एक गुराखी आबा भेटले, त्यांनी धोंड्यांतून सरळ वर काढून दिलं. तेव्हापासून दिशा बदललेली नाही.

वाटेवरचे खडक वालुकाश्माचे आहेत का? उन्हात पिवळट-तांबूस दिसतात.

नाही, हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एक थर निवला की वर दुसरा, असे थरावर थर साचत दख्खनचं पठार झालं. कण्हेरगडाकडं लांबून पाहिलंत तर डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढलेला दिसेल. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो आणि त्या उतारावर झाडी धरते. भूगर्भशास्त्रात या खडकाला ट्रॅप म्हणतात, तो शब्दही मुळात जिना या अर्थाचा. पिवळट-तांबूस रंग येतो तो दगडातलं लोह हवेपाण्यानं गंजल्यामुळे.

मला स्वतःला या फेऱ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे दोन थरांच्या मधली तांबड्या मातीची पट्टी. एक लाव्हा निवल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये मोठा काळ गेला. तेवढ्यात वरचा दगड कुजून माती झाली आणि मग नव्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. वरच्या भेगाळ दगडातून झिरपत आलेलं पाणी अशा घट्ट थरावर अडतं आणि कड्यातून बाहेर पाझरतं. लेणी खोदणाऱ्यांना आणि किल्ला बांधणाऱ्यांना हे अनुभवानं ठाऊक होतं. म्हणून पाणी धरणारी टाकी कुठं खोदायची याचा त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. दगडातले पांढरे ठिपके पाहिलेत का? लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढं झिओलाइटसारखी खनिजं भरली, तेच ते.

नागार्जुन लेणं बौद्ध आहे का? नावावरून तसं वाटतं.

नावावरून वाटतं खरं, पण लेणं जैन आहे. ओसरी, त्यामागं खांबांचं छोटं दालन आणि आत तीर्थंकरांची मूर्ती. मूर्तीपुढं उभं राहून डोळे अंधाराला सरावू द्या. टॉर्चचा झोत एकदम टाकला तर कोरीव काम सपाट दिसतं. तो बाजूनं, तिरपा धरला की कोरीव रेषा उठून येतात. जवळच सीतान्हाणी आहे, वनवासातली सीता इथं न्हात असे असं लोक सांगतात. आणि पलीकडच्या घळीतली शृंगारचावडी हिंदू लेणं. एका डोंगराच्या अंगावर जैन आणि हिंदू दोन्ही लेणी, आणि मागच्या कड्यापलीकडं पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. एवढ्या लहान टापूत तिन्ही परंपरा पायी गाठता येतात. हे माझ्या मते खानदेशानं अजून पुरतं ओळखलेलं नाही.

लेण्यांत जेवण, अगरबत्ती, नावं कोरणं, सगळं वर्ज्य. लेणी आणि खालचं मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. खडूनं लिहिलेलं नावसुद्धा पुसताना दगडाचा कण घेऊन जातं.

कण्हेरगडावर काय शिल्लक आहे?

थोडं आहे, पण पाहणाऱ्याला पुरेसं आहे. खडकात खोदलेल्या पायऱ्या, पडझड झालेली तटबंदी, दरवाजाच्या खुणा, पाण्याची टाकी आणि जोत्यांचे चौकोन. रायगड-राजगड पाहून आलेल्यांची इथं निराशा होते, म्हणून आधीच सांगतो की हा टेहळणीचा गड आहे. तो ओळखायचा तो जागेवरून. माथ्याच्या उत्तर टोकाला उभे राहा. खाली पाटण्याचं खोरं, पुढं चाळीसगावकडं पसरलेली कपाशीची आणि उसाची रानं, हवा स्वच्छ असेल तर आणखी दूरवरचं. मागं वळलात की कड्याची सलग भिंत. पठारावरून खाली खानदेशात उतरणाऱ्या वाटा याच भिंतीतून येतात. त्यांच्यावर नजर ठेवायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

टाक्यांतलं पाणी पिऊ नका. काही टाक्यांवर शेवाळ असतं, काठ निसरडे असतात, आणि मुलं हमखास तिथंच वाकून बघतात.

औट्रम घाट हे नाव कुठून आलं?

जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यावरून. त्यानं १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. चाळीसगाव–कन्नड घाटाला त्याचं नाव पडलं. बोलण्यात मात्र सगळे कन्नड घाटच म्हणतात.

पाटण हे खरंच भास्कराचार्यांचं गाव का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण इथं अभिमानापोटी बरंच काही ठोकून दिलं जातं.

खात्रीचं असं. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग मानले जातात. आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड, असं ते स्वतः लिहितात. हे विज्जडविड म्हणजे आजचं कुठलं गाव यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

आता पाटणचा पुरावा. इथं देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली अभ्यासकांपुढं आणला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे: त्रिविक्रमापासून महेश्वर, त्यांचा पुत्र भास्कर, भास्करांचा पुत्र लक्ष्मीधर, त्यांचा पुत्र चांगदेव. लक्ष्मीधर सर्व शास्त्रांत निपुण आहेत हे जाणून यादव राजा जैत्रपालानं त्यांना ‘या पुरातून’ नेलं आणि विद्वानांत अग्रणी केलं, असं लेख सांगतो. चांगदेव सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी इथं मठ स्थापला. शके ११२८ मध्ये निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं.

म्हणजे घराणं पाटणचं, हे दगडावर आहे. जन्मगावाचा वाद बाजूला ठेवला तरी आठशे वर्षांपूर्वी या रानात गणिताची पाठशाळा भरत होती हे नक्की. मी पहिल्यांदा तो लेख पाहिला तेव्हा मला वंशावळीहून शेवटचा भाग भिडला. संस्कृत लेख तिथं मराठीत येतो: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे...’ या पाटणात जो माल विकायला उघडला जाईल त्यावरचा, गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला, अशी ती नोंद. केणं म्हणजे विक्रीचा माल. राजाची स्तुती संस्कृतात, पण बाजारकराचा कायदा मराठीत, कारण तो दुकानदाराला कळायला हवा. जिथं आज सागाची पानं वाजतात तिथं पेठ होती, तराजू होते, आणि त्या तराजूच्या करावर गणित शिकवलं जात होतं.

महादेव मंदिर त्याच काळातलं का?

थोडं आधीचं. निकुंभ राजा इंद्रराजानं ते सुरू केलं. त्याच्या मृत्यूनंतर मुलगा गोवन लहान असताना राणी श्रीदेवीनं राज्य सांभाळलं आणि मंदिर पुरं झालं. तिथल्या लेखात शके १०७५, म्हणजे सन ११५३ आहे. लोक याला सरसकट हेमाडपंती म्हणतात. बांधणीची ढब तशी असली तरी हेमाद्री पंडित यानंतर शंभरेक वर्षांनी झाला. बाहेरून एक संथ प्रदक्षिणा करा. सकाळचं ऊन भिंतीवर तिरपं पडतं तेव्हा जो तपशील दिसतो तो दुपारी दिसत नाही.

पावसाळ्यात यावं का? धबधब्यांचे फोटो पाहिले.

केदारकुंड आणि धवलतीर्थ हे दोन धबधबे याच खोऱ्यात आहेत आणि श्रावणात ते सुंदर दिसतात, खरं आहे. पण गडाचा फेरा जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. खोदीव पायऱ्या शेवाळतात, धुक्यात वाट दिसत नाही. पाण्याचा धोका तर सर्वांत मोठा. डोंगरी नदी इथूनच खाली जाते आणि चाळीसगावात तितूरला मिळते. वर पठारावर ढग फुटला तर खाली ऊन असतानाही नदी फुगते. पाटण्याच्या एका आजींनी मला हे अहिराणीत सांगितलं होतं, ‘पानी वर पडस, पूर खाले येस.’ ३१ ऑगस्ट २०२१ ला तेच झालं. रातोरात तितूर-डोंगरीला पूर आला, चाळीसगावची वस्ती पाण्यात गेली, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. ज्यांनी तो दिवस पाहिला ते नदीच्या पात्रात बसून फोटो काढत नाहीत. पाणी गढूळ झालं किंवा पाचोळा वाहत येऊ लागला की सामान तिथंच टाकून काठावर चढायचं.

मग उत्तम काळ कुठला?

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. मार्चनंतर उन्हाचा तडाखा सोसवत नाही. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या पुढं जातो आणि काळा दगड तव्यासारखा तापतो.

वाघ, बिबट्या, अस्वल आहेत का?

बिबट्या आहे, अस्वल आहे, तरस, रानडुक्कर, नीलगाय, चिंकारा, मोर, वानर आहेत. वाघ बरीच वर्षं नव्हता. मग २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ इथं वनखात्याच्या कॅमेऱ्यात दिसला. ती बातमी ऐकून आमच्यापैकी कित्येकांना भरून आलं होतं. एवढ्या शेतांतून, रस्त्यांतून वाट काढत त्यानं हे रान निवडलं.

धोका म्हणाल तर बिबट्याहून अस्वलाचा जास्त. त्याची नजर अधू, वास तीक्ष्ण. अचानक समोर आलात तर घाबरून अंगावर येतं. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत पहाटे रानात शिरू नका. आपापसांत बोलत चाला, म्हणजे त्याला आधीच कळतं आणि ते बाजूला होतं. मोबाइलवर मोठ्यानं गाणी मात्र नकोत.

आणि आग्यामोहोळ. कड्यांच्या कपारीत, लेण्यांच्या वरच्या अंगाला मोठाली पोळी लटकतात. अत्तर, परफ्यूम लावून येऊ नका. धूर, फटाका, दगड यांचा तर विचारही नको. माशा उठल्याच तर हात न झटकता, तोंड-मान झाकून, जमेल तेवढ्या वेगानं पण सावधपणे दूर जायचं. शक्य तर दाट झुडपात शिरायचं. टाक्यात किंवा पाण्यात उडी मारू नये, माशा वर घोंगावत थांबतात.

लहान मुलं आणि वयस्क माणसं येऊ शकतील का?

दहा वर्षांवरचं चालायची सवय असलेलं मूल सहज येतं. त्याहून लहान असेल तर नागार्जुन लेण्यापर्यंत नेऊन परत फिरा. गुडघे दुखणाऱ्यांनी गड सोडावा आणि महादेव मंदिर ते देवीचं मंदिर हा खालचा रस्ता करावा. माझी आई सत्तरीला तोच करते, आणि शिलालेखापाशी आमची वाट बघत बसते. तिच्या मते तिचाच फेरा खरा, कारण देवीपुढं तिला निवांत बसायला मिळतं.

बरोबर काय घ्यावं?

माणशी तीन लिटर पाणी. वाटेत भरवशाचं पाणी नाही. पायांत पकड असलेले बूट, अंगात पूर्ण बाह्या, कारण कुसळं आणि बाभळीचे काटे सोडत नाहीत. टॉर्च, टोपी, थोडी साखर-मीठ. मोबाइलची रेंज खोऱ्यात जवळपास नसतेच, म्हणून घरी निघण्याची आणि परतण्याची वेळ सांगून या.

जेवणाचं म्हणाल तर कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. ज्वारी आणि उडदाच्या या भाकरीनं पोट दिवसभर धरतं आणि ती गार झाली तरी वातड होत नाही. हिवाळ्यात भरीत आणतात, छानच, पण ते रात्रीच करून आणा. रानात चूल पेटवायची नाही. डिसेंबरनंतर गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीत उतार जातो.

त्याच दिवशी पितळखोरं होईल का?

होईल, पण दोन्ही अर्धवट होतील. पाटणादेवीहून वर पितळखोऱ्याला चढणारी वाट आहे, दमछाक करणारी. वाटाड्याशिवाय जाऊ नये. तिथली चौदा लेणी इसवी सनाच्या आधीपासूनची, पश्चिम भारतातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी. जोत्यावर दगडी हत्तींची रांग आहे. पैठणच्या मित्रदेव गांधिकाच्या घराण्यानं खांब दान केल्याचा लेख आहे. म्हणजे अत्तर विकणाऱ्या माणसानं त्या काळी इथवर दान पाठवलं होतं. इथं सापडलेल्या यक्षाच्या तळहातावर घडवणाऱ्याचं नाव आहे: कण्हदास, सोनार. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एवढ्या ऐवजाला वेगळा दिवस द्या. पायी जमत नसेल तर कन्नडकडून वरपर्यंत गाडीनं जाता येतं.

रात्री मुक्काम, तंबू?

अभयारण्यात उघड्यावर मुक्काम करता येत नाही. अंधाराच्या आत नाक्याबाहेर यायचं. मुक्काम चाळीसगावात करा.

वाटाड्या लागतो का?

पहिल्यांदा येत असाल तर हो. पाटण्यातला माणूस घ्या. वाट त्याला ठाऊक असतेच, शिवाय कुठल्या झाडाखाली अस्वलाची उकर आहे, कुठल्या कपारीत यंदा पोळं लागलंय हे त्याच आठवड्याचं ज्ञान त्याच्याकडं असतं. पैसे निघण्याआधी ठरवावेत आणि घासाघीस करू नये. दिवसभराची मजुरी बुडवून तो आपल्याबरोबर आलेला असतो. त्याच्यासाठीही भाकरी बांधून आणा.

एकदा करून आलो. पुन्हा येण्यासारखं काय आहे?

ऋतू. ऑक्टोबरात सीताफळं पिकतात आणि रोशा गवत उभं असतं. त्याचं पातं चुरगळून वास घ्या. याच गवताचं तेल काढण्याचा धंदा एकेकाळी खानदेशात जोरात होता. जानेवारीत सालईची साल कागदासारखी सुटू लागते. फेब्रुवारीच्या शेवटी पळस पेटतो. आणि एप्रिलमध्ये, उन्हाची पर्वा न करता फक्त पहाटेचे दोन तास महादेव मंदिरापर्यंत येता आलं तर अंजन पाहा. सगळं रान करडं पडलेलं असतं तेव्हा त्याला नवी पालवी फुटते, तांब्याच्या रंगाची, दोन-दोन जोडपानांची. हिरवी व्हायला तिला फार दिवस लागत नाहीत, म्हणून पाटण्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून आधी विचारून घ्या.